सात नंबरच्या सशाचं शेवटचं रक्त

६ फेब्रुवारी

सात नंबरच्या सशाची फ्रीजरमधली शेवटची व्हायल काल संपली. एक राखीव आहे, आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख बाईंच्या कपाटाएवढ्या फ्रीजरात, पण ती वापरायची नसते. ससा जाऊन सात वर्षं झाली. त्याच्या रक्तातून काढलेली अँटिबॉडी एवढे दिवस पुरली, याचं काल उगाच कौतुक वाटलं. रिकामी व्हायल टाकून दिली आणि मग कचऱ्याच्या डब्याकडे दोनदा बघितलं.

त्या अँटिबॉडीनं रंगवलेली शेवटची स्लाइड आज वाचली. बावन्न वर्षांच्या बाई, मानेत गाठ. त्यांचे यजमान रिपोर्टसाठी खिडकीशी उभे होते. घड्याळं दुरुस्त करतात, मागच्या रस्त्यावर दुकान आहे.

"रंग आला म्हणजे वाईट ना?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं, तसं नाही. पेशीच्या अंगावर रिसेप्टर असतात. बाहेरून वाढायचा निरोप आला, की रिसेप्टरच्या आतल्या शेपटीला फॉस्फेट चिकटतं आणि पेशीला हुकूम जातो, वाढ. या आजाराची गोळी तो हुकूम अडवते. हुकूम सुटतच नसेल तर गोळी अडवणार काय? मग सलाईनमधून द्यायचं दुसरं औषध. आमची अँटिबॉडी फक्त फॉस्फेट लागलेल्या रिसेप्टरला चिकटते, आणि तिथे तपकिरी रंग दिसतो.

ते म्हणाले, "म्हणजे दाराला बेल बसवलीय का हे नाही बघायचं. वाजतेय का ते बघायचं."

शिकाऊ मुलांना मला हे इतकं नीट कधी सांगता आलेलं नाही.

मग त्यांची नजर आमच्या भिंतीवर गेली. "हे सव्वाचारला कधीपासून अडकलंय?" मला आठवेना. त्यांनी खुर्चीवर चढून घड्याळ काढलं, काखेत मारलं. मी म्हटलं, काही लागलं तर साडेअकराला फोन करा, तेव्हा मी टेबलाशी असते. आतला नंबर चिठ्ठीवर लिहून दिला. का दिला? ते वॉर्डच्या डॉक्टरांचं काम. घड्याळ नेत होते म्हणून असेल.

रंग गडद होता, पेशींच्या कडेकडेनं रेखीव. बिनदिक्कत पॉझिटिव्ह लिहिलं. 'बिनदिक्कत' हा शब्द आत्ता खटकतोय. दिक्कत होती का? नव्हती.

९ फेब्रुवारी

घड्याळ परत आलं. घड्याळवाल्यांनी स्वतः टांगलं, मनगटावरच्याशी ताडून पाहिलं. "गोळ्या आजपासून सुरू," म्हणाले. "सकाळी एक, संध्याकाळी एक." पैसे घेतले नाहीत.

नव्या सशाच्या अँटिबॉडीचा लॉट आला. वापरण्याआधी तो जुन्या रुग्णांच्या वीस ब्लॉकवर, म्हणजे मेणात जपलेल्या गाठींच्या तुकड्यांवर, लावून पाहायचा, मागच्या निकालांशी जुळतो का बघायचं. वीस नंबर चिठ्ठ्या टाकून काढले. ताईच्या ब्लॉकचा नंबर त्यात नाही. तो आहे का हे मी आधी पाहिलं, हेही लिहून ठेवते.

११ फेब्रुवारी

जुन्या लॉटनं बारा पॉझिटिव्ह. नव्यानं सात.

मोजायला चुकले असेन म्हणून पुन्हा मोजलं. ते सात अगदी तसेच, तितकेच गडद. उरलेले पाच मात्र कोरे. फिकट नाहीत, कोरे.

बाई सूक्ष्मदर्शकावरून उठल्या. ही प्रयोगशाळा त्यांनी उभी केली; मी त्यांच्याकडे बाविसाव्या वर्षी आले, आणि अजून त्यांच्यासमोर खुर्चीच्या कडेवर बसते.

"नवा लॉट कमकुवत असेल," मी म्हटलं.

"कमकुवत असता तर सगळेच फिके पडले असते. हे पाचच कसे रुसले?"

"मग?"

"मग काय? बघ. तुला मी पगार कशाचा देते?"

ब्लॉक कापून देणारा सहकारी (कुठल्याही गोष्टीत हरकत घेतो म्हणून आम्ही त्याला वकील म्हणतो) दारातून ऐकत होता. "बाई, माझी हरकत आहे. जुन्या आरोपीला बाजू मांडायची संधी द्या."

हसलो तिघं. मी जरा जास्तच हसले.

१३ फेब्रुवारी

साडेअकराला टेबलावरचा फोन वाजला.

ताई रोज याच वेळेला करायची. तिच्या शाळेची मधली सुट्टी. "जेवलीस का? नाही ना? ठेव ते सगळं खाली." एवढंच बोलून ठेवायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली. तेव्हापासून या फोनवर साडेअकराला कुणी केलेला नाही. बाकीचे मोबाइलवरच करतात.

उचलायला हात पुढे गेला आणि मधेच राहिला. आठ वेळा वाजून बंद झाला.

मी विज्ञान शिकलेली बाई आहे. फोन कुणाचा असणार नाही हे मला नक्की माहीत आहे. कुणाचा होता, हे माहीत नाही.

१६ फेब्रुवारी

बाईंकडून राखीव व्हायल मागून घेतली. कशाला, हे त्यांनी विचारलं नाही. किल्ली दिली.

परीक्षा साधी आहे. त्या पाच ब्लॉकचे काप आधी एका एन्झाइममध्ये बुडवायचे. ते रिसेप्टरवरचं सगळं फॉस्फेट काढून टाकतं. त्यानंतर खऱ्या अँटिबॉडीला काही दिसायलाच नको. सगळ्या बेल बंद करून टाकायच्या आणि ऐकायचं.

फोन आजही. साडेअकरा. मी कपाटातून ट्रे काढायला उठले. ट्रे नको होता.

१७ फेब्रुवारी

जुन्या लॉटनं पाचही रंगवले. फॉस्फेट काढल्यावरसुद्धा तोच रेखीव तपकिरी रंग.

म्हणजे सात नंबरच्या सशाला बेल वाजतेय का हे ऐकू येत नव्हतं. बेल बसवलेली दिसली की तो 'वाजतेय' म्हणत होता.

पण सुरुवातीची वर्षं तो चुकत नव्हता. त्याचे पहिले लॉट मी स्वतः याच एन्झाइमनं तपासले होते. बिघाड शेवटच्या रक्तात आहे. जुन्या वह्या काढल्या. तळघरात दिवा फडफडतो, म्हणून पानं खिडकीशी आणून वाचली.

ससा आजारी पडला तेव्हा एकदाच सगळं रक्त काढून घ्यायचं ठरलं. त्याला मीच मांडीवर धरलं होतं. कान दिव्यासमोर धरला की आतली शीर दिसायची. तो धडपडला नाही. रक्त नेहमीच्या तिप्पट निघालं. नियम असा की रक्तातला पाणीदार भाग पहिल्या गाळणीतून दोनदा न्यायचा. न वाजणाऱ्या रिसेप्टरला चिकटणाऱ्या अँटिबॉडी ती गाळणी धरून ठेवते आणि आपल्याला हव्या त्या खाली उतरतात. तिप्पट रक्त असेल तर एकदा नेऊन गाळणी भरून जाते, नकोशाही सुटतात.

वहीत माझ्या अक्षरात: "पहिली फेरी झाली. दुसरी फेरी उद्या." खाली समासात: "५ वाजता ताईकडे, पडदे."

ताईनं नवीन घर घेतलं होतं. मी त्या दिवशी लवकर निघाले.

दुसऱ्या दिवसाच्या पानावर दुसऱ्याच कामाची नोंद आहे. लेबलाच्या यादीत मात्र "दोन फेऱ्या" असं लिहिलंय, तेही माझंच अक्षर. आणि तपासणीच्या रकान्यात: "मागच्या लॉटप्रमाणे."

दुसरी फेरी केल्याचं मला आठवत नाही. न केल्याचंही आठवत नाही. पानावरच्या चिकटपट्टीखाली सशाचा एक पांढरा केस अडकलेला आहे, आखूड, मऊ. पट्टी निघत नाही.

ताईची स्लाइड याच लॉटनं रंगवलेली. मीच वाचली. पॉझिटिव्ह. तिनं सात महिने गोळी घेतली.

१८ फेब्रुवारी

आज फोन दोनदा. साडेअकरा आणि अकरा चाळीस.

१९ फेब्रुवारी

मोजून पाहिलं. त्या लॉटवर सात वर्षांत चारशे बारा रिपोर्ट गेले. चारशे बारा माणसं. मी मात्र एकाच माणसाचा विचार करतेय. हे बरोबर नाही, हे कळतं. आधी ताईचं कळलं, की बाकीचं मोकळ्या मनानं करता येईल, असं स्वतःला सांगते. हे खरं कारण आहे की सबब, ते ठरवता येत नाही.

बाईंना अजून पाचांचा निकाल सांगितलेला नाही. त्यांनीही विचारलेला नाही. रोज सकाळी दारातून "काय?" म्हणतात, मी "बघतेय" म्हणते.

एन्झाइम जुनं असेल, अशीही एक शक्यता. नव्या बाटलीनं पुन्हा केलं पाहिजे. (केलं. दुपारी. तेच.)

२२ फेब्रुवारी

रविवार. भावजींकडे गेले. ताई गेल्यावर त्या घरी जाणं कमी झालंय, दोष माझाच.

"काय शास्त्रज्ञ! वाट चुकलात?" दार उघडत म्हणाले. चहा त्यांनीच केला, साखर विसरले, आणि मी सांगितलं नाही.

मनाशी वाक्य जुळवून नेलं होतं. 'भावजी, ताईचा रिपोर्ट कदाचित चुकीचा होता.' पहिल्या दोन शब्दांपर्यंत आले.

"भावजी, ताईचे…"

"पडदे ना? आणणार होतो नवीन." त्यांनी खिडकीकडे पाहिलं. पडदे उन्हानं विटलेत. "पण तो डावीकडचा बघ. तुम्ही दोघींनी लावलेला, बोटभर वाकडा. मी दहादा म्हटलं सरळ करतो. हात लावू द्यायची नाही. म्हणायची, माझी बहीण काम टाकून आली होती त्या दिवशी, असू दे तिचं वाकडं."

मी कप ठेवला. जरा जोरात ठेवला गेला.

"तुला माहितीये, शेवटी शेवटी मी तिला म्हटलं, दुसऱ्या डॉक्टरला दाखवू. तर म्हणाली, गोळी माझ्या बहिणीनं बघून दिलीय."

गोळी मी दिली नव्हती. मी रंग वाचला होता. पण हे भावजींना कुठल्या तोंडानं समजावणार?

परतताना त्यांनी रिक्षापर्यंत सोडलं. "येत जा गं," म्हणाले. "तू आलीस की ती आतल्या खोलीत असल्यासारखी वाटते."

२३ फेब्रुवारी

ताईचा ब्लॉक काढला. भांडारातले ब्लॉक नंबरानं लागतात, नावं नसतात. तिचा नंबर मला पाठ आहे. काड्यापेटीएवढा मेणाचा ठोकळा, त्यात नखाएवढा राखाडी तुकडा. तीन वर्षं झाली ताईला जाऊन, आणि एवढी ताई इथे आहे, खोलीच्या साध्या तापमानात, तिसऱ्या खणात.

वकिलाला म्हटलं, तपासणीसाठी हवाय, दोन काप दे. खोटं नाही, पण खरंही नाही.

त्यानं ठोकळा उजेडात धरला. "हा संपत आला, मॅडम. जपून वापरा. अजून दहाएक काप निघतील, मग नुसतं मेण."

"दोनच दे."

पाण्यावर दोन काप तरंगले, कांद्याच्या पापुद्र्यासारखे. तो काहीतरी गुणगुणत होता. मी त्याला गप्प बस म्हटलं. आजवर कधी म्हटलं नव्हतं. तो खरंच गप्प बसला, हरकतही घेतली नाही.

साडेअकराला फोन वाजला तेव्हा ताईची स्लाइड माझ्या हातात होती. ओली. मी दोन्ही हातांनी धरून उभी राहिले, फोन थांबेपर्यंत. वकील आतून ओरडला, "मॅडम, उचला ना!" शेवटच्या घंटीला तोच धावत आला, पण त्यानं उचलेपर्यंत बंद झाला होता.

"रोज वाजतो हा," तो म्हणाला. "कुणीतरी चिकाटीचं आहे."

त्यालाही ऐकू येतो, याचं मला बरं वाटलं आणि वाईटही.

२५ फेब्रुवारी

नव्या लॉटनं ताई पॉझिटिव्ह.

गडद. रेखीव. दुसरा काप एन्झाइममध्ये बुडवलेला, तो स्वच्छ कोरा. यापेक्षा चोख निकाल पाठ्यपुस्तकातही नसेल. तिच्या पेशींमधली बेल वाजत होती. गोळी बरोबर होती. पडदे लावले म्हणून, फेरी चुकली म्हणून, मी लवकर निघाले म्हणून ताई गेली नाही. योग्य औषध मिळालं, आणि तरी गेली.

मला हायसं वाटायला हवं होतं.

दुपारभर सूक्ष्मदर्शकाशी बसून राहिले. तीन वर्षं मी रडले नव्हते, हे आज लक्षात आलं. चूक सापडली असती तर ती हातात धरता आली असती. आता हातात काही नाही. नुसती ती नाही.

२६ फेब्रुवारी

रजा घेतली. साडेअकराला घरी होते. तिथे काहीच वाजलं नाही, तरी मी वाट बघत होते.

२७ फेब्रुवारी

बाईंना सगळं सांगितलं. उभ्यानं सांगितलं. पाच ब्लॉक, एन्झाइम, वहीतली फेरी, लेबल, ताईचा ठोकळा, वकिलाला अर्धवट बोलले ते. वही समोर ठेवली. त्यांनी पांढरा केस पाहिला, बोट त्यावर ठेवलं, काढून घेतलं.

"लेबलांवर सही कुणाची?" त्यांनी विचारलं.

"तुमची. पण मी आणून दिली म्हणून तुम्ही…"

"सही करणाऱ्यानं वाचायचं असतं. ते माझं. तुझ्या वाट्याचं तू घे, माझ्या वाट्याचं मला राहू दे." मग चष्मा काढला. "पाचांचा निकाल तुला कधी कळला?"

"सतराला."

"आज सत्तावीस. दहा दिवस काय करत होतीस?"

"ताईचं बघत होते."

"ताईला घाई होती?"

बाईंचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"आपल्याकडून त्या लॉटवर शेवटचा रिपोर्ट कुणाचा गेला?"

मला उत्तर माहीत होतं. पहिल्या दिवसापासून वहीत आहे. तरी तोंडून निघायला वेळ लागला.

"घड्याळवाल्यांच्या बायकोचा."

"तिला गोळ्या सुरू आहेत?"

"नऊ तारखेपासून."

बाईंनी वही माझ्याकडे सरकवली. "ब्लॉक काढ. आत्ता. वकिलाला म्हण, जेवण नंतर. उद्या सकाळी मला वाचून दाखव. मग आपण दोघी बसून चारशे बारांची यादी करू. जिवंत माणसं आधी."

तीनला नव्या लॉटनं स्लाइड लावली. उद्यापर्यंत तिला एकटं सोडायचं असतं. मला जाववेना; वकिलानं पर्स हातात दिली, म्हणाला, "मॅडम, तुम्ही बघत बसलात म्हणून तिचा रंग बदलणार नाही."

२८ फेब्रुवारी

कोरी.

सकाळी दहाला मी वाचली, सव्वादहाला बाईंनी वाचली. पेशींच्या कडा निळसर, तपकिरीचा ठिपकासुद्धा नाही. शेजारी लावलेला ओळखीचा पॉझिटिव्ह काप मात्र गडद. शंकेला जागा नाही.

बाईंनी वॉर्डच्या डॉक्टरांना फोन केला. गोळ्या थांबवा, आजच बोलवा, सोमवारी सलाईनचं औषध सुरू करू, असं ठरलं. घरच्यांना कळवतो म्हणाले. मी हात पुढे केला, बाईंनी न बोलता फोन दिला. मी डॉक्टरांना म्हटलं, ते मला सांगू द्या. वॉर्डातून घड्याळवाल्यांचा नंबर मागवायला शिपाई पाठवला आणि टेबलाशी येऊन बसले.

नंबर यायच्या आत टेबलावरचा फोन वाजला. वर पाहिलं. साडेअकरा.

इतक्या दिवसांनी एकदम कळलं. चिठ्ठीवर मीच लिहून दिलेला नंबर. मीच सांगितलेली वेळ. ताईच्या वेळेला दुसऱ्या कुणी फोन करू शकतं, हे माझ्या डोक्यात येतच नव्हतं. मला ते येऊ द्यायचं नव्हतं.

दुसऱ्या घंटीला उचलला.

"हॅलो? मॅडम आहेत का?" घड्याळवाले. "लागला एकदाचा! मला वाटलं, मीच नंबर चुकीचा वाचतोय. तुमचा सात म्हणजे एक दिसतो."

"तुम्ही रोज करत होतात?"

"रविवार सोडून. तसं काही मोठं नाही. वॉर्डात विचारलं, ते म्हणाले महिनाभर थांबा, रिपोर्ट पॉझिटिव्ह आहे, गोळी लागू पडेल. पण तिची गाठ कमी होत नाहीये. मी कॅलिपरनं मोजतो ना, पट्ट्याची रुंदी मोजतो तशी. चार मिलिमीटरनं वाढलीय. ती म्हणते, तुम्हाला प्रत्येक गोष्टीत बिघाड दिसतो. म्हटलं, ज्यांनी भिंगातून बघितलंय त्यांनाच विचारावं."

मी जुळवलेली सगळी वाक्यं बाजूला ठेवली.

"बिघाड आहे," मी म्हटलं. "तिच्यात नाही, आमच्याकडे. माझ्याकडून झालाय. तो रिपोर्ट चुकीचा होता. आजची संध्याकाळची गोळी देऊ नका."

पलीकडे दुकानातली घड्याळं ऐकू येत होती, कितीतरी, प्रत्येकाची टिकटिक वेगळी.

"म्हणजे बेल वाजतच नव्हती?"

"नाही. नुसती बसवलेली होती."

"एकोणीस दिवस झाले, मॅडम."

"हो."

"त्यातले दहा-बारा दिवस मी फोन करतोय."

"हो. मी इथेच होते. ऐकत होते."

का उचलला नाहीत, असं त्यांनी विचारलं असतं तर मी सांगितलं असतं. खरंच सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. "आता काय करायचं, तेवढं सांगा," म्हणाले. आवाज पहिल्यासारखा राहिला नव्हता. दुसरं औषध आहे, सोमवारी सुरू होईल, हे मी दोनदा सांगितलं. उशिरानं किती नुकसान झालं हे आज कुणालाच सांगता येणार नाही, हेही सांगितलं. मला तुमच्यासमोर यायचंय, म्हणालात तर आत्ता दुकानावर येते, असंही म्हटलं.

"नको. तिला घेऊन मीच येतो. तिला तुमच्या तोंडून ऐकू दे."

एक वाजता येतील. समोर यादीचं पहिलं पान आहे. बाईंनी माझ्या आधीच सुरुवात केली आहे, जिवंत माणसांपासून. आता बारा वीस. भिंतीवरचं घड्याळ बरोबर आहे. त्यांनीच लावलंय.